संकेत क्रमांक आठशे छत्तीस

दुपारी चार वाजता आमच्या ऑफिसातली बावीस माणसं एका टीव्हीसमोर दाटीवाटीने उभी होती. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून दोघं टेबलावर चढून बसले होते. रिसेप्शनची बाई फोन उचलून बाजूला ठेवून आली होती. अकाउंटंटने तर हात जोडले होते.

"ऐकू येतोय?" टीव्हीवरचा माणूस म्हणाला. "श्वास ऐकू येतोय?"

काळा शर्ट, गळ्यात हेडफोन, डोळे मिटलेले आणि उजवा तळवा कीबोर्डवर टेकवलेला. मागे पडद्यावर हिरवी अक्षरं वरून खाली ओघळत होती. त्यांना काही अर्थ नव्हता, मी नीट वाचून पाहिली होती.

"कोड श्वास घेतोय. माझं काहीच नाही यात. मी फक्त ऐकतो. प्रत्येक आवृत्तीला नाडी असते. कुणाची जलद, कुणाची संथ. ही नववी..." त्याने मान एका बाजूला कलती केली. "ही नववी जरा लाजरी आहे."

"आहा!" अकाउंटंट म्हणाला. या गृहस्थाचा कोडशी आयुष्यात संबंध आलेला नाही.

हे मुहूर्तसर. सगळे त्यांना याच नावाने ओळखायचे. आता नववी म्हणजे काय, ते सांगते. आमची कंपनी रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते. पेशंटने फोनवर नंबर टाकला की त्याचा रिपोर्ट दिसतो, एवढंच. पण असलं सॉफ्टवेअर कुणी पायापासून बांधत नाही. पाया आणि खांब तयार मिळतात, त्याला फ्रेमवर्क म्हणायचं, आणि त्यावर आमच्यासारख्यांनी भिंती उभ्या करायच्या. त्या फ्रेमवर्कची नववी आवृत्ती येणार होती. आठवीची देखभाल बंद होणार, म्हणून लॅबवाल्यांनी करारात लिहून घेतलं होतं: नववी आल्यापासून दहा दिवसांत सगळं तिच्यावर हलवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. लॅबवाले गेले असते तर आमच्या ऑफिसला कुलूपच लागलं असतं.

नववी कधी येणार, हे तिच्या कर्त्यांना विचारलं की ते गेली दोन वर्षं एकच वाक्य लिहायचे: "तयार झाली की येईल." या वाक्याने कुणाचं पोट भरत नव्हतं. मुहूर्तसरांनी मात्र सहावीची, सातवीची आणि आठवीची तारीख आधीच, अगदी दिवसासकट सांगितली होती. ते जुने संदेश त्यांच्या ॲपवर सगळ्यांना बघायला ठेवलेले होते, खाली पाठवल्याची तारीख होती आणि संकेत क्रमांकही होता. नाकारणार कसं?

तेवढ्यात आमच्या साहेबांचा फोन थरथरला. साहेबांनी वर्गणी भरून मुहूर्तसरांच्या एका 'वर्तुळात' सगळ्या ऑफिसचं नाव घातलं होतं. तारीख फक्त वर्तुळातच मिळायची. साहेबांनी मोठ्याने वाचलं, "संकेत क्रमांक सातशे पंधरा. पंधरा तारीख. वर्तुळाबाहेर उच्चारू नये. उच्चारल्यास तारीख सरकते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी उभी असलेली माझी भाची एकदम रडायलाच लागली.

"मावशी, पंधरा! पंधरा म्हणजे पंचवीसला मी मोकळी. सत्तावीसला आईचं ऑपरेशन करता येईल."

मी मावशी. भाचीमुळे सगळं ऑफिस मला मावशीच म्हणतं. माझ्या पाठीमागे खुसपटमावशी म्हणतात, तेही मला माहीत आहे. माझं कामच खुसपटं काढायचं. ही पोरं सॉफ्टवेअर लिहितात आणि मी ते मोडून बघते. चूक सापडली की तिला नंबर द्यायचा आणि वहीत टाकायची. तो नंबर पुन्हा कधी दुसऱ्या चुकीला द्यायचा नाही आणि खोडायचा तर मुळीच नाही. आमच्या ऑफिसात हा नियम देवासारखा पाळतात. एखादा नंबर मधूनच गायब दिसला तर मी घर डोक्यावर घेते.

भाचीची आई म्हणजे माझी थोरली बहीण. ताईने आयुष्यभर शिवणकाम केलं. तिची खासियत शर्टाच्या काजांची. हाताने घातलेलं तिचं काज बघायला दुसरे शिंपी यायचे. तीन महिन्यांपूर्वी तिच्या बोटांतून सुई पडायला लागली. आम्ही म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग बटणं लागेनात. मग एक दिवस कात्री हातातून सुटून पायावर पडली, तेव्हा कुठे आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी फोटो उजेडात धरून दाखवला. "मानेच्या मणक्यात मज्जारज्जूवर दाब येतोय. ऑपरेशन करायलाच हवं आणि लवकर. ऑपरेशनने दाब थांबतो. पण तोपर्यंत बोटांतलं जे गेलं ते परत येईलच असं नाही. दहा तारीख मोकळी आहे. घेऊ?"

आणि दहा तारीख आम्ही सोडली. पंधराला नववी येणार होती ना! नंबर टाकून आत शिरायचा जो भाग आहे, तो भाचीने लिहिलेला. तो तिच्याशिवाय कुणाला कळत नव्हता. ऑपरेशननंतर दहा दिवस ताईजवळ कुणीतरी हवं आणि भाची एकुलती एक. दहाला ऑपरेशन म्हणजे पंधराला भाची दवाखान्यात. साहेब म्हणाले, "पंचवीसनंतर हवी तेवढी रजा घे, पण त्याआधी माझा जीव घेऊ नकोस." मग सत्तावीस तारीख घेतली.

एक गोष्ट कबूल करते, कारण लपवून मला झोप येत नाही. मी त्या हिरव्या अक्षरांना हसले, मुहूर्तसरांची नक्कल करून दाखवली, पण भाचीने दहा तारीख सोडली तेव्हा मी मान डोलावली. एक तारीख मिळाली होती. 'तयार झाली की येईल' यापेक्षा 'पंधरा' हा शब्द कानाला किती बरा वाटतो! एरवी कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवणारी मी, त्या शब्दावर गपचूप टेकून बसले.

पंधरा तारीख आली. सकाळपासून सगळे पडद्याला डोळे लावून. दुपार झाली, संध्याकाळ झाली, नववीचा पत्ता नाही. सहा वाजता साहेबांच्या फोनवर संदेश आला: "आपल्या वर्तुळातून तारीख फुटली. म्हणून सरकली. ज्याने उच्चारली त्याला ठाऊक आहे."

बावीस माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"मावशी," साहेब शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "तुम्ही कुणाला बोललात का? तुमचा यावर विश्वास नाही, ठाऊक आहे मला. पण बोललात का?"

"बोलले. ताईला. ऑपरेशन का पुढे ढकललं, हे तिला सांगायला नको?"

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशी! आईला का सांगितलंस? वर्तुळाबाहेर बोलायचं नाही असं स्पष्ट लिहिलं होतं!"

"अगं, तुझ्या आईला कळल्याने परक्या माणसांचं सॉफ्टवेअर अडून बसतं? शुद्धीवर आहेस का?"

"मग का नाही आली? सांग ना, का नाही आली? तीन वेळा बरोबर आलेली तारीख याच वेळी का चुकली?"

मला ते थोतांड आहे हे कळत होतं, पण कसं चालतं ते सांगता येत नव्हतं. आणि कसं ते सांगता आलं नाही की आपला आवाज कितीही चढला तरी कुणी ऐकत नाही. साहेबांनी पुन्हा वर्गणी भरली. नवा संदेश आला: संकेत क्रमांक आठशे चौदा, एकोणतीस तारीख. म्हणजे सत्तावीसचं ऑपरेशनही गेलं. भाचीने दवाखान्यात फोन करून पुढच्या महिन्याची बारा तारीख मागून घेतली.

त्या संध्याकाळी मी ताईकडे गेले. ती मशीनसमोर बसली होती, पण पायाखालची पट्टी हलत नव्हती. मांडीवर एक अर्धवट शर्ट होता. पाच काजं झालेली, सहावं राहिलेलं. पाचवं जरा वाकडं होतं. ताईचं काज वाकडं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"माझ्यामुळे तारीख सरकली का गं?" तिने विचारलं. "पोरगी काल माझ्याशी बोलली नाही. मी शेजारणीला बोलले होते, पंधराला काहीतरी येणार आहे म्हणून. मला काय माहीत बोलायचं नसतं ते!"

माझ्या अंगाची अशी आग झाली की काय सांगू! बोटं जाताहेत हिची, आणि वर दोषही हिनेच डोक्यावर घेतला. मी तिला म्हटलं, "ताई, तुझ्यामुळे काही झालेलं नाही." तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नाही, हे मला दिसत होतं. मग जेवायला बसल्यावर तिने चमचा उचलला आणि तो ताटात पडला. तिने तो परत उचलला नाही. मीच तिला भरवलं.

पुढचे दिवस वाईट गेले. ताईला भिंत धरून चालावं लागायला लागलं. भाची ऑफिसात पडद्याकडे बघत बसायची आणि दर तासाला मुहूर्तसरांचं ॲप उघडायची. मी म्हटलं, "तो लॉगिनचा भाग मला समजावून दे, लिहून ठेव, म्हणजे तू नसलीस तरी अडणार नाही." तर म्हणाली, "एकोणतीसला येतेय ना, मीच करेन." साहेबही तेच म्हणाले. सगळं ऑफिस हातावर हात ठेवून एकोणतीसची वाट बघत होतं. तयारी म्हणून कुणी एक ओळही लिहिली नाही.

चोवीस तारखेला ताई न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरबाईंनी ताबडतोब बोलावलं. भाचीला साहेबांनी सोडलं नाही, म्हणून मी घेऊन गेले. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीपाशी भली मोठी रांग. कॉम्प्युटर बंद पडला होता. दवाखान्याचा कॉम्प्युटरवाला, डोक्यावरचे केस विस्कटलेला एक मध्यमवयीन माणूस, खिडकीच्या आत घाम पुसत बसला होता.

"अहो, किती वेळ?" मी विचारलं.

"बाई, जुनं झालंय हो सगळं. नववी आली की बदलणार आहोत. थोडेच दिवस."

माझे कान टवकारले. "तुम्हीही नववीची वाट बघताय? कधी येणार म्हणे?"

त्याने मान वळवून इकडेतिकडे बघितलं. "ते सांगता येत नाही."

"वर्तुळाबाहेर उच्चारायचं नाही, म्हणून?"

त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी फोन काढून साहेबांनी सगळ्यांना पाठवलेला संदेश त्याच्यासमोर धरला. आठशे चौदा, एकोणतीस. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा संदेशाकडे, आणि मग हळूच आपला फोन खिडकीतून पुढे सरकवला.

संकेत क्रमांक आठशे पंधरा. तीस तारीख. वर्तुळाबाहेर उच्चारू नये.

"असं कसं?" तो म्हणाला. "तुम्हाला एकोणतीस आणि मला तीस?"

मी त्याच्या संदेशाचा फोटो काढून घेतला. ताईला बाकावर बसवलं, तिच्याशेजारी बसले आणि मुहूर्तसरांच्या ॲपवर त्यांचे जुने, जगजाहीर संदेश उघडले. आठवी आवृत्ती एकतीस तारखेला आली होती. त्या भविष्याचा क्रमांक चारशे एकतीस. त्याच्या आधी दिसणारा संदेश क्रमांक चारशे. पुढे दिसणारा चारशे बासष्ट. मधले कुठे गेले? चारशे एक ते चारशे एकसष्ट, एकूण एकसष्ट नंबर, त्यांतला फक्त एक शिल्लक. साठ गायब.

माझ्या वहीत एक नंबर गायब असता तर मी ऑफिस डोक्यावर घेतलं असतं, आणि हे साठ नंबर इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होते! चारशे एक म्हणजे महिन्याची एक तारीख, चारशे दोन म्हणजे दोन, चारशे एकतीस म्हणजे एकतीस. पुढे तीस दिवसांचा महिना. एकसष्ट दिवस, एकसष्ट वर्तुळं, प्रत्येकाला एकेक दिवस. नववी काय, दहावी काय, त्या एकसष्ट दिवसांत कधीही येवो, एका वर्तुळाचं बरोबर येणारच. तो एक संदेश भिंतीवर टांगायचा आणि बाकीचे साठ पुसून टाकायचे.

"काय झालं गं?" ताईने विचारलं. "अशी का बघतेस?"

"काही नाही. चूक सापडली," मी म्हटलं.

डॉक्टरबाईंनी ताईला तपासलं आणि त्यांचा चेहरा कठीण झाला. "तुम्ही सोडलेली सत्तावीसची जागा अजून रिकामी आहे. बारापर्यंत थांबाल तर मला पायांचीही खात्री देता येणार नाही. उद्या दुपारी दोनपर्यंत कळवा. मग मी दुसऱ्याला देते."

मी भाचीला लगेच फोन केला नाही. केला असता तर काय झालं असतं, मला ठाऊक होतं. ती म्हणाली असती, "मावशी, तुझा विश्वासच नाही, म्हणून तू असं शोधून काढतेस." तिला सांगून भागणार नव्हतं. मी ऑफिसात परत गेले आणि सात चिठ्ठ्या लिहिल्या.

आमचे साहेब साडेनऊ ते साडेदहाच्या मध्ये कधीही येतात. संध्याकाळी घरी निघताना मी सात जणांना एकेकट्याला गाठून एकेक बंद चिठ्ठी दिली. "उद्या साहेब आले की उघडा. मला आतून काहीतरी ऐकू येतंय. आणि हे बघा, दुसऱ्या कुणाला बोलायचं नाही, नाहीतर वेळ सरकते." अकाउंटंटने चिठ्ठी कपाळाला लावली. रिसेप्शनची बाई "मावशी, तुम्हीसुद्धा?" म्हणून हसली. एक चिठ्ठी मी भाचीला दिली. तिने न बघता खिशात टाकली.

पंचवीसला साहेब दहा वाजून बारा मिनिटांनी आले. जागेवर बसतात न बसतात तोच अकाउंटंट चिठ्ठी फडकावत उभा राहिला.

"दहा वाजून दहा! साहेब, मावशींनी काल संध्याकाळीच लिहून दिलं होतं, दहा वाजून दहा! अहो, अचूक!"

"मी तर बारा मिनिटांनी आलो," साहेब म्हणाले.

"तुमचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल!"

सगळे माझ्याभोवती जमले. कुणी म्हणे मावशी तुम्ही लपवून ठेवलंत, कुणी म्हणे माझ्या मुलीच्या लग्नाचं सांगा. अकाउंटंट तर माझ्या पायाशी वाकण्याच्या बेतात होता.

"थांबा," मी म्हटलं. "आणखी कुणाला चिठ्ठी दिली होती?"

एकाचाही हात वर आला नाही. मी एकेकाकडे बोट दाखवायला सुरुवात केली. "तुम्ही. काढा." रिसेप्शनच्या बाईने ओशाळून चिठ्ठी काढली, साडेनऊ. दुसऱ्याची नऊ चाळीस. तिसऱ्याची दहा. दहा वीस. साडेदहा. सहा झाल्या.

"आणि तुझी?" मी भाचीला विचारलं.

"फेकून दिली," ती म्हणाली. "नऊ पन्नास होती."

"मग का नाही बोललीस? हा माणूस इथे अचूक अचूक म्हणून नाचत होता, तेव्हा तू गप्प का?"

"चुकली होती ना. चुकलेल्या चिठ्ठीचं काय बोलायचं?"

आणि बोलता बोलताच ती थांबली. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

मी दवाखान्याच्या कॉम्प्युटरवाल्याच्या संदेशाचा फोटो टीव्हीच्या पडद्यावर लावला आणि शेजारी आमचा संदेश. आठशे चौदा, एकोणतीस. आठशे पंधरा, तीस. खाली आठवीचा चारशे एकतीस, त्याच्या आधीचा चारशे आणि नंतरचा चारशे बासष्ट. "मधले साठ नंबर कुठे आहेत, सांगा. आपल्याकडे चूक खोडतात का? कुणी एक नंबर खोडला तर त्याला मी काय करते? मग याने साठ खोडले, तर हात जोडायचे का?"

"पण..." अकाउंटंट चाचरत म्हणाला, "गुप्तता मोडली म्हणून..."

"गुप्तता कशाला, तर तुम्ही आणि दवाखान्यातला माणूस एकमेकांशी बोलू नये म्हणून! दोघं बोलले की खेळ खल्लास. तारीख काही सरकत नाही हो, सरकायला मुळात ती असावी लागते. ज्यांची चुकते ते शरमेने गप्प बसतात, वर स्वतःलाच दोष देतात. माझी बहीण तिकडे विचारतेय, माझ्यामुळे सरकली का म्हणून. तिच्या हातून चमचा पडतो आणि ती माफी मागते, त्या सोंगाड्याच्या तारखेची!"

माझा आवाज फाटला. मी रडत होते की ओरडत होते, मला आठवत नाही.

साहेब खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले. "मग खरी तारीख कोणती, मावशी? मला काहीतरी तारीख हवी आहे. बावीस घरं आहेत माझ्या डोक्यावर."

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "कुणालाच माहीत नाही. पण नववीच्या कर्त्यांची चुकांची यादी सगळ्यांना बघायला उघडी आहे. महिन्याच्या सुरुवातीला साडेतीनशे होत्या, आज दोनशे ऐंशी आहेत. एवढं दिसतं की चार दिवसांत येणार नाही. त्यापुढे मी बोलणार नाही. आणि आली तरी काय? लॉगिनचा भाग आज आणि उद्या हिने आम्हाला समजावून द्यावा. आम्ही लिहून घेतो. हे आपण तीन आठवड्यांपूर्वी करायला हवं होतं. केलं नाही, कारण आपल्याला तारीख मिळाली होती."

साहेबांनी भाचीकडे पाहिलं. ती तोवर फोन कानाला लावून उभी होती. दोन वाजायला अजून बराच अवकाश होता. "डॉक्टरबाई, सत्तावीस. हो. सत्तावीस नक्की. नाही, आता नाही बदलणार."

ऑपरेशन सत्तावीसला झालं. चार तास आम्ही दोघी बाहेर बसून होतो. भाची एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "दहाला केलं असतं तर, मावशी? दहाला केलं असतं तर?" मी तिला खोटं सांगितलं नाही. तिचा हात धरून ठेवला.

एकोणतीस आली आणि गेली. तीसही गेली. दवाखान्याच्या कॉम्प्युटरवाल्याने मला फोन करून शिव्या घातल्या, मला नव्हे, मुहूर्तसरांना.

नववी आली पुढच्या महिन्याच्या एकवीस तारखेला, सकाळी. बातमी आल्याबरोबर मी सगळ्यांना टीव्हीसमोर बोलावलं आणि मुहूर्तसरांचं ॲप उघडायच्या आधी फळ्यावर एक आकडा लिहिला: ८३६.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"आठशे चौदा एकोणतीस, आठशे पंधरा तीस, आठशे सोळा म्हणजे एक तारीख. तिथून एकवीसपर्यंत बोटांवर मोजा. आता उघडा."

साहेबांनी ॲप उघडलं. सगळ्यात वर, सोनेरी चौकटीत, जगजाहीर झालेला संदेश झळकत होता: "नववी एकवीस तारखेला येईल. पाच आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं. संकेत क्रमांक ८३६." खाली हजारो लोकांचे नमस्कार. 'धन्य सर', 'अचूक सर', 'दहावीचं सांगा सर'. आमचा आठशे चौदा साहेबांच्या फोनवरून पुसला गेला होता.

ऑफिसात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अकाउंटंटने खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्या सोनेरी संदेशाखाली एक ओळ लिहिली, "आठशे एक ते आठशे पस्तीस दाखवा." पाच मिनिटांत मला तिथून काढून टाकलं.

लॅबचं काम आम्ही आठ दिवसांत हलवलं. भाची तेव्हा ऑफिसात होती, पण तिच्याशिवायही झालं असतं, सगळं लिहून ठेवलेलं होतं.

ताई आता भिंत न धरता चालते. चमचा धरते, पेला धरते. सुई धरता येत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, पाय वाचले, बोटांसाठी मात्र उशीर झाला. दहा ते सत्तावीस, सतरा दिवस. त्या सतरा दिवसांत तिची बोटं गेली आणि आम्ही सगळे शिकलेसवरलेले लोक एका हिरव्या पडद्याकडे बघत बसलो होतो.

परवा मी गेले तेव्हा तो अर्धवट शर्ट भाचीच्या मांडीवर होता. सहावं काज ती घालत होती, ताई शेजारी बसून तोंडाने सांगत होती. "अगं, दोरा ओढू नकोस, नुसता बसव. तसं नाही. उसव." भाचीने तीनदा उसवलं. ताईचा हात सवयीने पुढे यायचा आणि मधेच थांबायचा. चौथ्यांदा काज झालं, वेडंवाकडंच. ताईने ते गालाला लावून पाहिलं, बोटांना कळत नाही म्हणून.

हे वाचणाऱ्यांना माझं हात जोडून एकच सांगणं आहे. कुणी तुम्हाला बरोबर आलेलं भविष्य दाखवलं तर ते बघू नका, चुकलेली कुठे आहेत ते विचारा. कुणी म्हणालं दुसऱ्याला सांगू नका, तर पहिल्यांदा शेजाऱ्याला सांगा आणि त्याची चिठ्ठी बघायला मागा. तुमची चिठ्ठी चुकली असेल तर शरमू नका, ती मोठ्याने वाचा. आणि कुणाला 'मला माहीत नाही' म्हणताना ऐकलंत, तर त्याच्यावर चिडू नका. आमच्या डॉक्टरबाई कधी तारीख फुगवून सांगत नव्हत्या. त्यांनी फक्त दहा तारीख मोकळी आहे म्हणून सांगितलं होतं, आणि ती खरोखर मोकळी होती.